पारस खडका यांच्या नावावर धावा थोड्या आहेत, तरी नेपाळी क्रिकेटमध्ये त्यांचा मान एवढा मोठा का?

सड्यावरची_बाग (देवगड) यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार.

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. येथील बऱ्याच बागांप्रमाणे आमच्याकडेही फवारणी, राखण आणि काढणी यांसाठी हंगामभर एक नेपाळी कुटुंब मांगरात राहते. त्यांचा थोरला मुलगा इथल्याच शाळेत आठवीत शिकतो. वानरे हाकलण्याचे काम आटोपले की तो वाडीतल्या मुलांबरोबर सड्यावर टेनिस बॉलने खेळतो, आणि कातळावरून कसाही उसळणारा चेंडू ज्या शांतपणे खेळतो, ते पाहून वाडीतली मोठी माणसेही थांबतात. परवा मांगरात औषधाचे पंप ठेवायला गेलो असता दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेली अकरा नावे दिसली. ती नेपाळच्या संघाची होती. आताचे कर्णधार रोहित पौडेल यांचे नाव त्यात तिसरे होते आणि सर्वांत वर, त्यातल्या त्यात ठळक, माजी कर्णधार पारस खडका. खडका निवृत्त झाले तेव्हा हा मुलगा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा असेल. मी त्याला विचारले, तर पारसदाइंशिवाय (दाइ म्हणजे थोरला भाऊ) संघ कसा लिहायचा, असे त्याने मलाच उलट विचारले.

त्या रात्री मी त्यांची कामगिरी शोधून पाहिली. ३३ आंतरराष्ट्रीय टी-२० सामन्यांत ७९९ धावा, एकदिवसीय सामने तर दहाच्या आसपास, आणि दोन्ही प्रकारांत मिळून दोन शतके. मुंबईच्या फलंदाजांचे पराक्रम ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे आकडे फारच थोडे वाटले. तरीही एका मुलाच्या मनात एखाद्या खेळाडूची जागा इतकी पक्की असेल, तर तिच्यामागे मला ठाऊक नसलेले काहीतरी नक्कीच असणार.

म्हणून विनंती अशी की, खडका यांची कारकीर्द ज्यांनी बारकाईने पाहिली आहे त्यांनी ती समजावून सांगावी. आकड्यांचा तक्ता मला मिळाला आहे. त्या तक्त्यात जे येत नाही ते मला हवे आहे.

---

गुणलेखक_रत्नागिरी

आपण पाहिलेला तक्ता बरोबर आहे, परंतु तो प्रामुख्याने खडका यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या काही वर्षांचा आहे आणि ही गोष्ट त्यावर कोठेही लिहिलेली नसते. जिल्ह्यातल्या स्पर्धांत मी वर्षानुवर्षे गुणलेखन करत आलो आहे, त्यामुळे कोणता सामना कोणत्या वहीत चढतो आणि कोणता चढत नाही, या प्रश्नाकडे माझे लक्ष आधी जाते. खडका यांच्या बाबतीत सगळे उत्तर त्या प्रश्नातच आहे.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९८७ चा. नेपाळच्या मुख्य संघातून ते २००४ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी, मलेशियाविरुद्ध पहिल्यांदा खेळले. नेपाळला एकदिवसीय दर्जा मिळाला तो मार्च २०१८ मध्ये, त्यांची तिशी उलटल्यावर. मधल्या चौदा वर्षांत त्यांनी देशासाठी पन्नास षटकांचे जे सामने खेळले, ते आयसीसी किंवा आशियाई क्रिकेट परिषदेच्या स्पर्धांतले होते, त्यांत पंच होते, गुणलेखक होते, प्रतिस्पर्धी संघ राष्ट्रीय होते. पण त्यांपैकी एकही आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांच्या तक्त्यात धरला जात नाही. कुळाने वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीची सातबाऱ्यावर नोंद फार उशिरा व्हावी, तसे हे आहे. नोंद नंतरची असली तरी कसणूक आधीपासूनची असते.

आता ती चौदा वर्षे कशी गेली ते सांगतो. तीन १९ वर्षांखालील विश्वचषक ते खेळले: २००४, २००६ आणि २००८. त्यांपैकी २००६ चा श्रीलंकेतला विश्वचषक नेपाळसाठी अविस्मरणीय ठरला, कारण प्लेट गटाच्या (मुख्य बाद फेरीत न पोहोचलेल्या संघांच्या) उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला आणि अंतिम फेरीत न्यूझीलंडला हरवून नेपाळने तो गट जिंकला. अंतिम सामन्यातला विजय एका गड्याने मिळालेला होता. आपल्या वयाच्या न्यूझीलंडच्या मुलांना हरवलेल्या या मुलांना मुख्य संघात आल्यावर खेळावे लागले ते मात्र जागतिक क्रिकेट लीगच्या पाचव्या विभागात.

ही लीग नीट समजून घेतल्याशिवाय खडका यांचे काम समजत नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या या रचनेत सहयोगी, म्हणजे कसोटी दर्जा नसलेल्या, देशांचे विभाग पाडलेले होते. एखाद्या विभागाची स्पर्धा कोठेतरी आठवडाभर भरे, त्यात वरचे दोन संघ बढती मिळवत आणि तळाचे खाली जात. एका वाईट दुपारी सामना गेला, तर पुढची संधी येईपर्यंत दोन वर्षे थांबावे लागे. २००८ मध्ये जर्सी बेटावर पाचव्या विभागाची स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात अफगाणिस्तानकडून हरून नेपाळ तिसरा आला आणि त्याच विभागात राहिला. त्याच स्पर्धेतून वर गेलेला अफगाणिस्तान सात वर्षांनी २०१५ चा विश्वचषक खेळला. उपांत्य सामन्यातल्या एका पराभवाची किंमत किती असू शकते, हे यावरून लक्षात यावे.

२००९ च्या अखेरीस विनोद दास यांच्याकडून कर्णधारपद खडका यांच्याकडे आले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढचा क्रम असा: २०१० च्या फेब्रुवारीत काठमांडूत पाचवा विभाग जिंकला. त्याच वर्षी इटलीत चौथ्या विभागात पुन्हा तिसरा क्रमांक आला आणि दोन वर्षे गेली. २०१२ मध्ये मलेशियात चौथा विभाग एकही सामना न हरता जिंकला. २०१३ मध्ये बर्म्युडात तिसऱ्या विभागाच्या अंतिम सामन्यात युगांडाला हरवले. २०१४ च्या सुरुवातीला न्यूझीलंडमधील विश्वचषक पात्रता स्पर्धेत संघ कोसळला आणि पुन्हा तिसऱ्या विभागात ढकलला गेला. त्याच वर्षी तो विभागही परत जिंकला. २०१८ च्या फेब्रुवारीत नामिबियात दुसऱ्या विभागातून पात्रता मिळवली आणि मार्चमध्ये झिम्बाब्वेतील पात्रता स्पर्धेत पापुआ न्यू गिनीला ६ गड्यांनी हरवून एकदिवसीय दर्जा हाती घेतला.

या सगळ्या प्रवासात कर्णधार एकच होता. मधल्या फळीत फलंदाजी, मध्यमगती मारा, गरज पडेल तेव्हा ऑफस्पिन आणि वर संघाची जबाबदारी, हे सगळे एकाच माणसाकडे दहा वर्षे होते. आपल्या मांगरातल्या मुलाने त्यांचे नाव सर्वांत वर लिहिले, त्यामागे हा हिशेब असावा असे मला वाटते, मग त्या मुलाला तो सांगता येवो वा न येवो.

---

हर्णै_जेटी

गुणलेखकांनी विभागांचा प्रवास उत्तम मांडला आहे. मी त्यातले एकच वर्ष जरा विस्ताराने सांगतो, कारण ते मी आमच्या बंदरात जवळून पाहिले आहे.

२०१४ च्या मार्चमध्ये बांगलादेशात टी-२० विश्वचषक होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमिरातीतल्या पात्रता स्पर्धेत हाँगकाँगला हरवून नेपाळने त्यात जागा मिळवली होती. आमच्या बंदरात तेव्हाही ट्रॉलरवर नेपाळी खलाशी पुष्कळ होते. १६ मार्चला चितगावला हाँगकाँगविरुद्धचा सामना होता, आणि तो नेपाळचा इतिहासातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय टी-२० सामना. जेटीवरच्या चहाच्या टपरीत टीव्ही होता. बर्फाच्या लाद्या फोडून होडीत भरण्याचे काम चालू असतानाच काही खलाशी हातातले टोचे घेऊनच दारात येऊन उभे राहिले. खडका यांनी ४१ धावा केल्या, ज्ञानेंद्र मल्ल यांनी ४८ केल्या, आणि नेपाळने १४९ पर्यंत मजल मारली. नंतर खडका स्वतः गोलंदाजीला आले आणि आपल्या पहिल्याच चेंडूवर त्यांनी गडी बाद केला. टपरीत जो आरडाओरडा झाला तो मला आजही आठवतो. आमच्या तांडेलांनी त्या दिवशी कोणालाही कामावर हाक मारली नाही. हाँगकाँगचा डाव ६९ धावांत आटोपला आणि नेपाळ ८० धावांनी जिंकला.

पुढे बांगलादेशाविरुद्ध ८ गड्यांनी पराभव झाला. २० मार्चला अफगाणिस्तानविरुद्ध मात्र नेपाळने १४१ धावांचा बचाव केला आणि ९ धावांनी सामना जिंकला. त्यात सुभाष खकुरेल यांच्या ५६ धावा होत्या आणि जितेंद्र मुखिया यांचा मारा अप्रतिम होता. सहा वर्षांपूर्वी ज्या संघाने जर्सीत वाट अडवली होती, त्यालाच विश्वचषकात हरवण्याची ही संधी होती आणि ती या संघाने सोडली नाही.

त्याच रात्री हाँगकाँगने बांगलादेशाला १०८ धावांत गुंडाळून २ गड्यांनी हरवले. बांगलादेश आणि नेपाळ यांचे गुण सारखे झाले, पण धावगतीवर बांगलादेश पुढे गेला. तीनपैकी दोन सामने जिंकून नेपाळ घरी परतला. आमच्या बंदरातले खलाशी त्याबद्दल फार वेळ हळहळत बसले नाहीत. आपला देश टीव्हीवर खेळताना आणि जिंकताना दिसला, हेच त्यांच्या बोलण्यात पुनःपुन्हा येत होते. बारा महिन्यांतले बहुतेक महिने परमुलखात समुद्रावर काढणाऱ्या माणसांना ते चार दिवस काय देऊन गेले, याचे मोजमाप धावांच्या तक्त्यात कधीच सापडणार नाही.

---

मालवणचा_प्रेक्षक

वरील दोन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत आणि त्यांतील माहितीबद्दल माझा वाद नाही. मात्र सगळे श्रेय एका माणसाच्या पदरात टाकण्याबद्दल माझा आक्षेप आहे. तो मी नोंदवतो, कारण अशा गौरवात इतरांची नावे पुसली जातात.

पहिली गोष्ट प्रशिक्षकांची. श्रीलंकेचे माजी फलंदाज रॉय डायस २००१ पासून जवळजवळ दहा वर्षे नेपाळच्या संघाबरोबर होते. वयोगटातले जे यश वर सांगितले आहे, त्याचा पाया त्यांनी घातला. २००६ च्या त्या १९ वर्षांखालील संघाचे कर्णधार कनिष्क चौगाई होते. डायस यांच्यानंतर पुबुदु दसानायके आले आणि चौथ्या विभागापासून २०१४ च्या विश्वचषकापर्यंतचा चढता काळ त्यांच्या देखरेखीखालचा आहे.

दुसरी गोष्ट गोलंदाजांची. कमी धावसंख्येचे सामने नेपाळला कोणी जिंकून दिले, हे पाहिले तर शक्ती गौचन आणि वसंत रेग्मी या दोन डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांची नावे सतत समोर येतात. जागतिक क्रिकेट लीगमध्ये शंभर बळींचा टप्पा सर्वप्रथम गाठणारे गोलंदाज रेग्मीच होते. आपल्याकडे त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २०१८ मध्ये विंडहूकला कॅनडाविरुद्धचा सामना हरला असता, तर एकदिवसीय दर्जाचा प्रश्नच उद्भवला नसता. १९५ धावांचा पाठलाग करताना नेपाळचे नऊ गडी बाद झाले होते आणि अजून ५१ धावा हव्या होत्या. त्या शेवटच्या जोडीने, म्हणजे करण केसी आणि संदीप लामिछाने यांनी, अखेरच्या चेंडूपर्यंत खेळून काढल्या. करण यांच्या नाबाद ४२ धावा ३१ चेंडूंतल्या होत्या. कर्णधार तेव्हा तंबूत बसलेला होता. खडका यांची फलंदाजी चांगली होती, पण त्यांच्या काळातला नेपाळचा संघ फलंदाजीत वारंवार ढासळत असे, आणि दहा वर्षे नेतृत्व केलेल्या कर्णधाराच्या हिशेबात तीही बाजू धरली पाहिजे.

---

सड्यावरची_बाग (देवगड)

आपल्या तिघांचेही आभार. मालवणच्या मंडळींचा आक्षेप मला रास्त वाटतो. त्यावरून एक उपप्रश्न सुचतो. दर्जा मिळाल्यानंतर खडका यांच्याकडे खेळायला फार वर्षे उरली नव्हती, हे आता कळले. पण मग २०१९ मध्ये, शतके होत असतानाच, त्यांनी कर्णधारपद सोडले असे दिसते. त्या दोन वर्षांत नेमके काय घडले, हे कोणी सांगू शकेल का?

---

गुणलेखक_रत्नागिरी

मालवणच्या मित्रांनी घेतलेली सर्व नावे मला मान्य आहेत आणि रेग्मी यांचे नाव माझ्याकडून राहायला नको होते. तरीही एका परिस्थितीकडे दोघांचेही लक्ष वेधतो, कारण ती लक्षात घेतल्यावर कर्णधाराचे काम वेगळे दिसू लागते.

एप्रिल २०१६ मध्ये सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून आयसीसीने नेपाळच्या क्रिकेट संघटनेला निलंबित केले. ते निलंबन ऑक्टोबर २०१९ पर्यंत टिकले. संघाला खेळण्याची मुभा होती, पण पाठीशी मान्यताप्राप्त मंडळ नव्हते. प्रशिक्षण शिबिरे, देशांतर्गत स्पर्धा, खेळाडूंचे मानधन या ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो, त्या सगळ्या तेव्हा टांगणीला लागलेल्या होत्या. त्याच्या वर्षभर आधी, २५ एप्रिल २०१५ ला, ७.८ तीव्रतेचा भूकंप देशाने सोसलेला होता. आता तारखा लावून पाहा. जुलै २०१६ मध्ये लॉर्ड्सवर एमसीसी (मेरिलीबोन क्रिकेट क्लब) संघाविरुद्ध ४१ धावांनी विजय, विंडहूकचा तो सामना, एकदिवसीय दर्जा, पहिला एकदिवसीय विजय आणि खडका यांची दोन्ही शतके, हे सगळे मंडळ निलंबित असतानाच्या काळातले आहे. जेथे कार्यालयच नीट उभे नव्हते तेथे ड्रेसिंग रूम एकत्र ठेवण्याचे काम कोणीतरी करत होते आणि ते करणारा कर्णधारच होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला एकदिवसीय विजयही पाहण्यासारखा आहे. १ ऑगस्ट २०१८ ला आम्स्टलव्हीन येथे नेदरलँड्सविरुद्धचा पहिलाच सामना नेपाळने गमावला. ३ ऑगस्टला दुसऱ्या सामन्यात नेपाळच्या २१६ धावा झाल्या. नेदरलँड्स अखेरच्या षटकापर्यंत सामन्यात होता. ते षटक टाकण्यासाठी खडका यांनी चेंडू स्वतःच्या हातात घेतला. अखेरच्या चेंडूवर फलंदाज धावबाद झाला आणि नेपाळ एका धावेने जिंकला. हरल्यास दोष आपल्यावरच येईल अशी जागा त्यांनी निवडली होती, आणि सतरा-अठरा वर्षांची मुले संघात असताना कर्णधाराने ती निवडणे मला फार मोठे वाटते.

जानेवारी २०१९ मध्ये दुबईत अमिरातीविरुद्ध तीन सामन्यांची मालिका झाली. दुसऱ्या सामन्यात रोहित पौडेल यांनी ५५ धावा केल्या, तेव्हा त्यांचे वय १६ वर्षे १४६ दिवस होते. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सर्वांत लहान वयात अर्धशतक करण्याचा आपल्या सचिन तेंडुलकरांचा विक्रम त्यांनी मागे टाकला. तिसऱ्या सामन्यात, २८ जानेवारीला, २५५ धावांचा पाठलाग करताना खडका यांनी ११५ धावा केल्या. नेपाळच्या फलंदाजाचे ते पहिले एकदिवसीय शतक होते आणि त्याबरोबर पहिली एकदिवसीय मालिकाही २-१ अशी जिंकली गेली. आठ महिन्यांनी, २८ सप्टेंबर २०१९ ला, सिंगापूरमध्ये यजमानांविरुद्ध त्यांनी ५२ चेंडूंत नाबाद १०६ धावा केल्या. ते नेपाळचे पहिले आंतरराष्ट्रीय टी-२० शतक. धावांचा पाठलाग करताना टी-२० त शतक करणारे ते जगातले पहिले कर्णधार ठरले. बत्तिसाव्या वाढदिवसाला तेव्हा महिनाही उरला नव्हता. हीच फलंदाजी वीस ते तीस या वयात अधिकृत सामन्यांत झाली असती तर आपल्या तक्त्यात काय दिसले असते, याचा विचार केल्यावाचून मला राहवत नाही.

१४ ऑक्टोबर २०१९ ला आयसीसीने निलंबन उठवले आणि लगेचच खडका यांनी कर्णधारपदाचा राजीनामा दिला. सूत्रे ज्ञानेंद्र मल्ल यांच्याकडे गेली. खडका मात्र खेळाडू म्हणून संघात राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये कीर्तिपूरच्या त्रिभुवन विद्यापीठ मैदानावर नेपाळमधले पहिलेवहिले एकदिवसीय सामने झाले, तेव्हा ते खेळले. १२ फेब्रुवारीला अमेरिकेचा डाव तेथेच ३५ धावांत संपला, जी एकदिवसीय क्रिकेटमधली नीचांकी धावसंख्येची बरोबरी आहे. गवताच्या उतारांवर बसलेला तो जमाव ज्यांनी चित्रफितीत पाहिला असेल, त्यांना या देशात क्रिकेटचे वेड किती आहे हे वेगळे सांगायला नको. ३ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी निवृत्ती जाहीर केली, म्हणजे आम्स्टलव्हीनच्या त्या विजयाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पुढे ते नेपाळच्या क्रिकेट संघटनेचे सचिव झाले. ज्या कार्यालयाच्या गैरव्यवस्थेची झळ खेळाडू म्हणून सोसली, त्याच कार्यालयाचा कारभार हाती घेणे सोपे नसते.

---

हर्णै_जेटी

एक छोटी भर घालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये शारजात नेपाळने वेस्ट इंडिजला टी-२० मालिकेत २-१ असे हरवले. कसोटी खेळणाऱ्या देशाविरुद्ध त्यांचा हा पहिला मालिकाविजय. कर्णधार होते रोहित पौडेल, म्हणजे ज्यांना खडका यांच्या संघात पंधराव्या वर्षी पदार्पण करायला मिळाले तेच. मालवणच्या मित्रांनी फलंदाजी ढासळण्याचा जो मुद्दा काढला आहे तो खरा आहे, पण पुढच्या फलंदाजांना इतक्या लवकर संधी देणारा कर्णधारही तोच होता, हेही त्याच हिशेबात धरावे.

---

चिपळूण_नेट्स

मी मुलांना क्रिकेट शिकवतो, म्हणून चर्चेतल्या मूळ मुलाबद्दल लिहितो. देवगडच्या बागायतदारांनी त्याला खडका यांच्याबरोबर आणखी एका खेळाडूची गोष्ट अवश्य सांगावी. सोमपाल कामी हा नेपाळचा वेगवान गोलंदाज. त्याचा जन्म गुल्मी जिल्ह्यातला, परंतु वडील पंजाबात कामाला असल्यामुळे तो तिकडे वाढला आणि क्रिकेटही तिकडेच शिकला. नंतर तो नेपाळला परतला आणि २०१४ च्या टी-२० विश्वचषकात अठराव्या वर्षी खडका यांच्या नेतृत्वाखाली खेळला. वडील भारतात कामाला असलेल्या मुलाला नेपाळच्या संघाचा रस्ता बंद नसतो, याचे हे जिवंत उदाहरण आहे. नेपाळचे नागरिकत्व असलेला खेळाडू आयसीसीच्या नियमांनुसार नेपाळकडून खेळण्यास पात्र असतो, त्यामुळे त्याच्या जन्माचे आणि नागरिकत्वाचे कागद आताच नीट जपून ठेवायला त्याच्या वडिलांना सांगावे. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग त्या कागदांशी जुळते का, हेही तपासून घ्यावे. वयोगटाच्या निवडीत चांगली मुले येथेच अडकतात.

खेळाबद्दल सांगायचे तर तेराव्या-चौदाव्या वर्षी टेनिस बॉलवरून सीझन बॉलवर (कातडी चेंडूवर) येणे आवश्यक आहे. कातळावर खेळल्याने त्याची नजर तयार झाली असणार, पण टेनिस बॉलला उंच उसळीची सवय लागते आणि मुले मागच्या पायावर वाट पाहत राहतात. सीझन बॉल खाली राहतो आणि आत येतो, तेथे पुढचा पाय उशिरा पडला की मुले पायचीत होतात. बागेत सपाट जागा असेल तर मॅट अंथरून, हेल्मेट, पॅड आणि ग्लोव्हज घालूनच सराव सुरू करावा. सुरुवातीला समोरून हाताने चेंडू टाकून फक्त पुढच्या पायावरचा बचाव करून घ्यावा; फटके नंतर. आंब्याची काढणी सुरू झाली की त्याला वेळ मिळणार नाही, म्हणून मोहोराच्या दिवसांतच हे बसवून घेतलेले बरे.

तो केवळ फलंदाजी करतो की गोलंदाजीही, आणि उजव्या हाताने की डाव्या, एवढे कृपया कळवावे. शक्य असल्यास त्याच्या खेळाची एखादी चित्रफीत, गोलंदाजाच्या मागून घेतलेली, येथे टाकावी; पायांची हालचाल त्या कोनातूनच नीट दिसते. हंगाम संपल्यावर हे कुटुंब गावी जाते की येथेच राहते, हेही सांगावे, म्हणजे पावसाळ्यात त्याला बंदिस्त नेट्समध्ये कोठे पाठवता येईल याचा विचार करता येईल.